वीस वेळा

"हात छातीवर बांध, पुढे वाक आणि तशीच सरळ हो," शर्यतीआधीच्या तपासणीत टेबलाशी उभ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

भिंगरी वाकली ती वाकलीच. पाठ काही उठेना. डॉक्टरीणबाईंनी कागदावर पेन टेकवलं.

कोपऱ्यात बाप बसला होता. सोफ्यांच्या गवसण्या शिवणारा अबोल माणूस, पण लेकीचा विषय निघाला की त्याला आवरणं कठीण. भिंगरी दहा वर्षांची असताना गच्चीवरून पडली आणि पायांतलं बळ गेलं. ही आता धड बसायचीही नाही, असं सांगून मोठ्या डॉक्टरांनी हात झटकले. ते बापाच्या मनाला इतकं लागलं की त्या दिवसापासून रोज सकाळी तिच्या पाठीवर तळवा ठेवून तो तिला वाकवायचा, उठवायचा आणि मोजायचा. वीस वेळा, नऊ वर्षं. अंगात ताप असला तरी सुटका नव्हती. भिंगरी त्याला हेडमास्तर म्हणायची. पुढे ती चाकाच्या खुर्चीच्या शर्यतीत पळू लागली, तेव्हा खुर्चीची बैठकही त्यानेच मापात शिवली.

"घाबरलीय हो ती," तो उठून म्हणाला. "घरी वीसदा करते. भिंगरे, ऊठ बघू. हं, एक."

त्यासरशी पाठ उठली. मग दोन, तीन. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोटावर बोटं दाबून पाहिली आणि पुन्हा करायला लावलं. बापाची छाती फुगली. भिंगरीने डोळे मिटून घेतले होते.

बाहेर आल्यावर, तिला शर्यतीसाठी तयार करणाऱ्या सरांनी कपाळाला हात लावला.

"काका, पोटापाठीत जोर नसलेल्यांचा गट वेगळा असतो. त्यात ही पहिली होती, परदेशी जाणाऱ्या संघात जागा पक्की होती. आता जोर असलेल्यांत पळायचं. तिथे हिच्यापुढे सातजणी आहेत आणि जागा दोन."

गट असतात हे बापाला ठाऊक होतं. ते कशावरून ठरतात, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. तो तसाच आत गेला.

"बाई, माझं चुकलं. मी बोलायला नको होतं."

"तुमचं काहीच चुकलेलं नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "घरच्या घरी इतकं कुणी करून घेत नाही. पण जोर दिसतोय, मग तो नाही असं मी कसं लिहू?"

तो बाहेर आला.

"मी मुद्दाम नव्हते करत, बाबा," भिंगरी म्हणाली. "खरंच उठवेना. तुम्ही एक म्हणालात आणि उठले."

दुसऱ्या दिवशी तिने जीव तोडून चाकं मारली. तिची आजवरची सगळ्यात चांगली वेळ, आणि आठवा नंबर.

घरी परतल्यावर सकाळी बाप शिलाई मशिनपाशी पाठमोरा बसून राहिला. सुईत दोराही ओवलेला नव्हता.

"हेडमास्तर, आज शाळा बंद का?"

भिंगरी पलंगावर हात छातीवर बांधून बसली होती. तो उठला, तिच्या पाठीशी जाऊन बसला. ती वाकली. त्याने तळवा ठेवला, तर ढकलायची गरजच पडली नाही, पाठ आपसूक वर आली. नऊ वर्षं देवाकडे मागितलेला जोर हाताला स्पष्ट लागत होता. हा नसता तर, असं त्याच्या मनात येऊन गेलं, आणि त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"बाबा, मोजा ना."

"एक," तो म्हणाला.