दोनानं भागलेले पंख

"दादाजीभाऊ, या डब्यात पतंग किती?"

"बावीस, म्याडम. तीनदा मोजले."

दिव्यानी मॅडमनी चिमट्यानं एकेक पंख उचलून पांढऱ्या कागदावर मांडला. सागाच्या रोपवनातली, पानं खाणाऱ्या किडीच्या पतंगांची मोजणी तपासायला त्या महिन्यातून एकदा चंद्रपूरहून येत. रात्री सापळ्याच्या दिव्यावर आलेले पतंग खालच्या डब्यात पडत. सकाळपर्यंत मुंग्या त्यांची धडं खाऊन टाकत. उरत ते पंख. सहा वर्षं दादाजी नन्नावरे हे पंख मोजून वहीत आकडा लिहीत होते.

"पंख तर चव्वेचाळीसच दिसतात."

"हो. दोनानं भागलं."

मॅडमनी चिमटा खाली ठेवला. "भाऊ, पतंगाला चार पंख असतात. वरचे दोन मातकट, खालचे दोन पिवळे."

"मले वाटे, पिवळे मादीचे."

झाडावर बसलेला पतंग दादाजींनी हजारदा पाहिला होता. बसताना तो पिवळे पंख झाकून घेतो. दादाजींचा स्वतःवर कधीच भरवसा नव्हता, म्हणून तर ते तीनदा मोजत. भागाकाराबद्दल मात्र त्यांना शंका आली नव्हती.

त्यांनी वहीचं मागचं पान उलटलं. गेल्या सोमवारी एकशे अठरा. आकडा शंभरावर गेला की फवारणी, असा नियम होता. गुरुवारी फवारणी झाली होती.

"म्हंजे एकोनसाठच होते."

"माझंही चुकलं. मी कधी डबा उघडून पाहिला नाही." मॅडमनी आवाज खाली आणला. "वर कळलं तर तुमचं काम जाईल. आजपासून चारानं भागा. सागाचं काही बिघडलं नाही ना?"

सागाचं बिघडलं नव्हतं. पण गुरुवारी वारा नाल्याच्या दिशेला होता, आणि नाल्यापलीकडे मनकर्णाबाईच्या ऐनाच्या झाडांवर कोसा रेशमाच्या अळ्या होत्या.

मॅडमची गाडी गेल्यावर दादाजी नाला ओलांडून गेले. ऐनाच्या फांद्यांवर अळ्या काळ्या पडून उलट्या लोंबत होत्या. मनकर्णाबाई त्या वेचून टोपल्यात टाकत होती. झोपडीच्या दाराशी तिची सून पुनम कपड्यांची पिशवी घेऊन उभी होती. डोळे सुजलेले.

"या भाऊ. पाहा, पुरा हंगाम गेला. या महारानीच्या पायी."

"काय केलं तिनं?"

"कोसा झाडावर असला का घरात कोनी केसाले तेल लावत नाई. माह्या सासूनं पाळलं, म्या पाळलं. हे बारशाले गेली अन् डोक्यावर तेल थापून आली. आता जाय म्हटलं बापाकडं. तेल लाव, अत्तर लाव."

"जरासंच होतं, आई. बहिणीनं जबरदस्तीनं लावलं."

"जरासंच! अळ्या का थेंब मोजतात वो?"

दादाजी पुढं झाले.

"बाई, तेलानं नाई झालं. फवारनीच्या औषधानं झालं. म्या आकडा चुकवला."

मनकर्णाबाई हसली. त्या हसण्यात काहीच नव्हतं. "तुमी? तुमी तर तीन-तीनदा मोजता, सारं गाव हासते. पोरीची दया आली म्हनून तिचं पाप आपल्या डोक्यावर घेऊ नका, भाऊ."

त्यांनी पंखांचं सांगायला सुरुवात केली. वरचे, खालचे, चार, दोन. शब्द एकमेकांत गुंतले. तोवर ती पुन्हा झाडाकडे वळली होती. पुनमनं पिशवी खांद्याला लावली.

दादाजींनी वहीतलं एक कोरं पान फाडलं. गुडघ्यावर ठेवून लिहिलं, खाली सही केली आणि पुढं धरलं. मनकर्णाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं कागद सुनेकडं दिला.

पुनम ओळीखाली बोट ठेवून वाचू लागली. "मी पतंग दुप्पट लिहिले. म्हणून गरज नसताना फवारणी झाली. अळ्या माझ्या चुकीने मेल्या. पुनमचा काही दोष नाही. दादाजी नन्नावरे."

"अजून एकडाव वाच."

दुसऱ्यांदा स्वतःच्या नावापाशी तिचं बोट थांबलं.

मनकर्णाबाईनं लुगड्याला हात पुसले. सुनेच्या खांद्यावरची पिशवी काढून झोपडीत नेऊन ठेवली. बाहेर येऊन ती टोपल्यापाशी बसली. पुनम तिच्या शेजारी वाकून अळ्या वेचू लागली.

दादाजी उभेच होते. बसा असं त्यांना कोणी म्हटलं नाही, आणि जा असंही नाही.