खंडेनवमीची सीडी

बासष्ट टक्क्यांवर ते पुन्हा थांबलं.

निळी पट्टी अर्ध्याच्या थोडी पुढे येऊन उभी राहिली आणि सीडीच्या खणातून घरघर सुरू झाली.

"रोज इथंच," बाबा म्हणाले. "बैल बसावा तसं."

"किती वेळा करून पाहिलंत?"

"मोजलं नाय. रॅम बदलली, ड्राइव्ह बदलला. पंखासुद्धा बदलला. पंख्याचा काय दोष, पण बदलला."

आईचं तेरावं आदल्या दिवशी झालं होतं. पाहुणे गेले होते, सतरंज्या मंडपवाल्याने नेल्या होत्या, आणि मला दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने पुण्याला परतायचं होतं. दुपारी घरात आम्ही दोघंच उरलो. बोलायला काही सुचेना, म्हणून मीच म्हटलं, तुमचा कॉम्प्युटर बघू या.

बाबांचं मखमलाबाद रोडला पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान. बत्तीस वर्षं त्यांनी विहिरींवरचे पंप दुरुस्त केले. सातपूरच्या एका कारखान्याने मोडीत काढलेले तीन कॉम्प्युटर त्यांनी आणले आणि तिन्हींतून हा एक उभा केला. एका बाजूचा पत्रा नव्हता, तर पंपाच्या झाकणाचा कापून बसवला. हा खटाटोप आईसाठी होता. माझ्या मुलाचे, स्वराजचे, फोटो मी सीडीवर पाठवायची आणि घरात ती लावायला काही नव्हतं. आई त्या सीड्या देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवायची आणि आल्यागेल्याला सांगायची, यात आमचा नातू आहे.

कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम भरून देतो, असं एका दुकानदाराने म्हटलं होतं. चोरीची. बाबांनी नको म्हटलं. त्यांनी कुणाच्या मोटारीत जुनी तार नवी म्हणून कधी घातली नव्हती. मग मी ऑफिसातल्या इंटरनेटवरून एक फुकटची, रीतसर वाटलेली सिस्टीम तीन दिवस लावून उतरवून घेतली, सीडीवर भरली आणि पाठवून दिली. ती खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पोचली.

त्यानंतर चार दिवसांनी बाबांचा फोन आला होता. अडकतंय म्हणाले. माझी मीटिंग होती.

"बाबा, भंगारातून उभं केलेलं चालणार कसं? काहीतरी खराब असेल त्यातच. दिवाळीला येते तेव्हा बघते."

ते "असंल," म्हणाले. मागून आईचा आवाज आला, "काय म्हणती?"

"माझंच काहीतरी चुकलंय म्हणती."

त्यानंतर आठ दिवसांनी आई गेली. झोपेतच. दिवाळी आमच्या दारावरून तशीच पुढे गेली.

"गोटीरामभाऊ, अजून त्या डबड्याशीच का?" शेजारच्या कुसाबाई जेवणाचा डबा घेऊन आत आल्या. मला म्हणाल्या, "तुझी आई म्हणायची, माझ्या सवतीला पंखा लागतो बाई, मी आपली पदरानं वारा घेते."

बाबा हसले. तेरा दिवसांत पहिल्यांदाच. कुसाबाईंनी डबा ओट्यावर ठेवला, "वरण हाय, गरम करून घ्या," म्हणाल्या आणि गेल्या.

मी मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. प्रश्न पहिल्यापासून आले. डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का?

"पुसू दे. कारखान्याची जुनी हजेरी हाय ती, कुणाची तरी."

घड्याळाची वेळ लावायला गावांची यादी आली, तीत नाशिक नव्हतं.

"कलकत्ता दाब," बाबा म्हणाले. त्यांना पाठ झालं होतं.

बासष्ट. घरघर.

मी खण उघडून सीडी बाहेर काढली. वर मार्करने लिहिलेलं माझं अक्षर. उलटी करून खिडकीच्या उजेडात धरली. चकाकत्या बाजूला, कडेजवळ, एक फिकट पिवळा ठिपका होता आणि त्याला लागून एक लाल. वाळून घट्ट बसलेला. बोटाच्या रेषा त्यात दिसत होत्या.

"बाबा, हे काय?"

त्यांनी सीडी कडेने धरून घेतली. त्यांना नवल वाटलं नाही.

"खंडेनवमीला पूजेत मांडली होती तिनं. पक्कड, टेस्टर, वाइंडिंगचं मशीन, आन् ही. आरशावाणी बाजू वर करून. म्हणाली, हिचं तोंड इकडं हाय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्यांदा अडकली तेव्हाच कळलं."

"मग पुसलं का नाही?"

"कुंकू?" ते म्हणाले. "तिच्यासमोर?"

आमच्या घरात तो शब्द त्या क्रियापदाला जोडून कुणी उच्चारत नसे. बांगडी फुटली तरी आई 'वाढवली' म्हणायची, आणि करंड्यातलं कुंकू कधी संपायचं नाही, तेही वाढायचं.

"तिच्या माघारी पुसता आलं असतं."

"आपल्याच बायकोचं कुंकू, आन् चोरून?" त्यांनी सीडी हळूच फिरवली. "दुसरी पाठव म्हणायला फोन केला होता तुला. ती बाजूला उभी. आपल्यामुळं अडलं हे कळलं असतं, तर जिवाला लावून घेतलं असतं तिनं. तू भंगार म्हणली. म्हटलं, बरं झालं. कारण सापडलं."

"आणि ती रॅम, तो पंखा?"

"रोज विचारायची ना, आज काय बिघडलं. काहीतरी खोलून दाखवायला पायजे. मी स्क्रू काढायचो, ती तळहातावर धरून बसायची. येक हरवला नाय तिनं."

बाहेर रिक्षा थांबल्याचा आणि पुन्हा गेल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "मी पुण्याहून दुसरी पाठवते. ही अशीच राहू द्या."

"ठेवून काय करू? फोटो बघायचे होते तिला."

ते उठले. आईच्या वातींच्या डब्यातून थोडा कापूस घेतला, तांब्यातल्या पाण्यात भिजवला आणि सीडी मांडीवर घेऊन बसले. त्यांनी घासलं नाही. ओला कापूस त्या ठिपक्यांवर ठेवून अंगठ्याने दाबून धरला, खूप वेळ. जळालेल्या मोटारीतली तार तुटू न देता सोडवताना त्यांचे हात असेच चालत. मग कापूस उचलला, अंगणातल्या तुळशीच्या मातीत ठेवला आणि तिथेच पाठमोरे उभे राहिले.

मी सीडी कोरडी करून आत सरकवली. पुन्हा हजेरी, पुन्हा कलकत्ता.

"गेलं का पुढं?" त्यांनी वळून न बघता विचारलं.

"त्रेसष्ट."

त्यांनी मान हलवली.

सगळं आटोपायला संध्याकाळ झाली. मी देव्हाऱ्याखालच्या खणातली सीडी लावली. पडद्यावर स्वराज आला, नुकतेच आलेले दोन दात दाखवत. बाबा खुर्चीत पुढे सरकून बघत राहिले. मी वरण गरम केलं आणि त्यांचं ताट तिथेच, स्वराजच्या फोटोसमोर, स्टुलावर आणून ठेवलं.

ते हात धुवायला उठले नाहीत. उजव्या अंगठ्यावर अजून पुसटसं लाल होतं.

"छाया," ते म्हणाले, "एक चमचा दे."

बाबांना चमच्याने जेवताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.