बारा काजांची बाग

"बाग शेजारणीला देऊन टाका," बायको फोनवर म्हणाली, आणि मास्तरांनी फोन या कानाचा त्या कानाला लावला.

हे मास्तर शाळेतले नव्हेत, शिलाईचे. बेचाळीस वर्षं त्यांनी घराच्या मागच्या खोलीत मशीनवर बसून अख्ख्या गल्लीचे कोट, विजारी आणि पोराटोरांचे गणवेश शिवले. दोन वर्षांपूर्वी नजर अधू झाली, सुईचं नेढं दिसेना, तेव्हा मशीनवर चादर पडली. त्यांच्या पाठीशी खिडकी होती, खिडकीपलीकडे परस, आणि परसात बायकोची बाग. पण उजेड मागून हातावर पडायला हवा म्हणून मशीन भिंतीकडे तोंड करून मांडलेलं. त्यामुळे बाग मास्तरांनी कधी पाहिली नाही, नुसती ऐकली. खुरप्याची खरखर, झारीची झरझर, आणि मधूनमधून बायकोचा आवाज. ती मशीनला सवत म्हणायची. खिडकीखाली पुदिना खुडता खुडता मोठ्यानं गायची,

सवत माझी लोखंडाची, तिला जेवण ना पाणी,
दिवसभर तिच्या पायाशी बसे माझा धनी!

मास्तरांच्या कात्रीला महिन्याला धार लावावी लागे, बायकोच्या जिभेला कधीच नाही. साधा पाण्याचा पेला पुढे करायचा तरी, "घ्या, तिनं काही विचारलं नसेल." मास्तर मान खाली घालून हसत आणि पाणी पीत. टोमण्यावाचूनचं पाणी त्यांना बेचाळीस वर्षांत मिळालंच नव्हतं.

आणि आज फोनवर टोमणा नव्हता. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन ती लेकीकडे राहिली होती, दवाखाना तिकडून जवळ म्हणून.

"डॉक्टर म्हणाले, खाली बसायचं नाही, वाकायचं नाही, जन्मभर. मग बाग काय डोळ्यांनी करू? शेजारीण रविवारी येईल. रोपं काढून नेऊ दे तिला."

"अगं, मी करीन की. तू खुर्चीत बसून सांग नुसतं."

"हुकूम सोडायला नाही लावली मी बाग. हाताला माती लागत नसेल तर ती बाग दुसऱ्याची." मग जरा थांबून, "तुम्ही जेवलात का?"

बस, एवढंच विचारलं. "की तिनं जेवायला घातलं?" असं पुढे आलंच नाही. मास्तर फोन कानाला धरून त्या शेपटाची वाट बघत राहिले, आणि पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. बायको आजारी होती तेव्हा ते घाबरले नव्हते. आता घाबरले.

रविवारी शेजारीण टोपली आणि खुरपं घेऊन आली. मास्तर परसाच्या दारात आडवे उभे राहिले. "आज नको. मी सांगतो तेव्हा या." आणि संध्याकाळी फोनवर बायकोला म्हणाले, "दिली हो बाग."

"बरं," ती म्हणाली.

त्या 'बरं'लाही शेपूट नव्हतं. सवयीनं ते जाऊन मशीनपुढे बसले. चादर होतीच वर. पाय आपोआप खाली गेले, पायडलवर टेकले. हात चादरीवर पडले. आणि बसल्या बसल्या त्यांना दिसलं ते असं, की आपण वाकलेलो नाही. गुडघ्यांना खाली ऐसपैस जागा आहे, आणि काम थेट हाताशी आहे. माणूस जमिनीशी जाऊ शकत नसेल, तर जमीन माणसाच्या हाताशी का आणू नये?

त्यांनी बायकोचा जुना कोट खुंटीवरून काढला. तिच्या खांद्याचं, छातीचं, बाहीचं माप त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. पण बसलेल्या बाईचं कोपर जमिनीपासून किती उंच असतं, हे माप कुठला शिंपी घेतो? कोटात दोन उशा कोंबून त्यांनी तो खुर्चीवर बसवला. कोपरावर कापड घासून गुळगुळीत झालेलं होतं. शिवण खोटं बोलेल, झीज बोलत नाही. त्या झिजेला टेपचं टोक लावून ते गुडघ्यांवर बसले होते, तोच सून कामावरून आली.

सून लिफ्ट दुरुस्त करायची. मुलगा बोटीवर, सहा महिने पाण्यात आणि सहा महिने घरात, म्हणून घरातले खिळे, नळ, तारा सगळं तिच्याच हाती. दारातच ती थबकली.

"बाबा, आई आल्या? आणि इतक्या गप्प?"

"चेष्टा नंतर कर. आधी सांग, मशीनचं वरचं सगळं उतरवलं आणि लोखंडी स्टँडवर लाकडाची पेटी बसवली, तर मातीचं वजन पेलेल?"

सुनेनं अवजारांची पिशवी खाली ठेवली. स्टँडला दोन्ही हातांनी हलवून पाहिलं, वाकून बोल्ट पाहिले. "पेलेल. पेटी वीतभरच खोल ठेवायची. आणि खुर्ची चार बोटं कमी पडतेय, तिच्या पायांखाली ठोकळे लावू. उंच खुर्ची गुडघ्यालाही बरी." मग ती उभी राहिली. "पण बाबा, मशीन?"

"डोळे नसलेल्या शिंप्याकडे ते नुसतं चादर पांघरून बसतं. मला बघवत नाही."

पाना हातात घेऊनही ती दोनदा त्यांच्या तोंडाकडे बघून थांबली. शेवटी मास्तरांनीच पाना घेतला. पहिला नट त्यांनी सैल केला, उरलेले तिनं. मशीन दोघांनी मिळून कपाटावर नेऊन ठेवलं. खोलीत एकदम फार जागा झाली.

मग कामाची धांदल उडाली. सुनेनं फळ्या आणल्या, करवतीनं कापल्या, काचपेपर मारला, आणि प्रत्येक फळीच्या एका बाजूला निळा रंग दिला. मास्तरांनी अस्तराचं काम घेतलं. रेनकोटाचं उरलेलं कापड पेटीच्या आत बसवायचं, म्हणजे लाकूड कुजणार नाही. पण पाणी निघून जायला भोकं हवीत. "खिळा तापवून टोचू, दोन मिनिटांत होईल," सून म्हणाली.

"टोचलेलं भोक फाटत जातं. काज करतो."

"मातीला काज?"

"कापडाला. माती त्याच्यावर बसेल."

काज म्हणजे बटणाचं घर. कात्रीनं चीर द्यायची आणि तिच्या कडेनं टाक्याला टाका लावून ती बांधून टाकायची. हे काम डोळ्यांचं नाही, अंगठ्याचं. पण दोरा ओवणं डोळ्यांचंच. म्हणून सून रोज सकाळी कामावर जायच्या आधी चार सुया ओवून उशीला टोचून जायची, आणि मास्तर संध्याकाळपर्यंत चार काजं करायचे. तीन दिवसांत बारा झाली.

चौथ्या दिवशी, शुक्रवारी, जाताना ती बजावून गेली, "बाबा, मी येईपर्यंत हातोडीला हात लावायचा नाही."

लावला. बायको दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होती, आणि फळ्या समोर रांगेनं उभ्या होत्या, सुकलेल्या, सरळ, कापलेल्या कापडासारख्या. मास्तरांनी एकाला एक भिडवून खिळे मारले, बाहेर निघालेली टोकं वाकवली, तळाला बोटभर फटी ठेवून पट्ट्या ठोकल्या. कोपरे असे बसले की मध्ये कागद सरकू नये. दोन वर्षांनी हात पुन्हा लयीत आले. शेवटचा खिळा मारला, हातोडी ठेवली, आणि ते दोन्ही हात पेटीत घालून आतले कोपरे धरून उभे राहिले. तसेच उभे राहिले.

सून आली तेव्हाही ते तसेच होते.

"बाबा? काय झालं?"

"आता उलटवायचं होतं गं," मास्तर अगदी बारीक आवाजात म्हणाले.

तिनं पेटी पाहिली. सगळा निळा रंग आत होता. बाहेर खरखरीत लाकूड, पेन्सिलीच्या रेघा आणि वाकवलेल्या खिळ्यांची टोकं. शिंपी कपडा सुलट बाजू आत घेऊन शिवतो आणि मग उलटवतो, तसंच मास्तरांनी लाकूड शिवलं होतं. सून भिंतीला टेकून खाली बसली आणि पदरानं नव्हे, कामाच्या हातमोज्यानं डोळे पुसेपर्यंत हसली. पण मास्तर हसत नव्हते, हे पाहून ती उठून पेटीपाशी आली.

"सोडवून परत करू का?"

"खिळे उपटले तर फळ्या चिरतील. आणि रंग?"

डबा तळाला लागला होता. तशीच पेटी त्यांनी परसात नेऊन खिडकीखाली स्टँडवर बसवली, बोल्टांनी आवळली, पुढ्यात ठोकळ्यांवरची खुर्ची मांडली. अस्तर घातलं, माती भरली. शनिवारी सकाळी मास्तरांनी जमिनीतली कोवळी रोपं एकेक उपटून वर लावली. पुदिना कुठला आणि मिरची कुठली हे त्यांना ठाऊक नव्हतं. रांग मात्र सरळ आली.

दुपारी बायको आली, काठी टेकत. पुढच्या खोलीत बसली. लेकीचं बरं आहे, प्रवास बरा झाला, चहा बरा आहे, सगळं बरंच होतं. मागच्या दाराकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. "ते दार लावून घ्या. तिरीप येते डोळ्यांवर," म्हणाली.

मास्तरांनी दार लावलं नाही. "एक फिटिंग राहिलंय. मागे चल जरा."

तिनं वाद घातला नाही. उठली. मास्तरांना तेही टोचलं.

परसाच्या उंबऱ्यावर ती थांबली. जमिनीवरच्या मोकळ्या वाफ्यांकडे नाही, शेजारणीनं न नेलेल्या गुलाबाकडेही नाही, आधी तिची नजर गेली ती लोखंडी स्टँडवर.

"मशीन कुठंय?"

"कपाटावर."

"का?"

"तिला आता काम नाही. तुला आहे."

ती काठी टेकत जवळ गेली, पेटीच्या अंगावरून हात फिरवला. खिळ्याच्या टोकाला बोट अडलं. तिनं खाली वाकायचा प्रयत्न सोडून दिला, काठावरून आत डोकावली. मातीच्या वर बोटभर निळी किनार दिसत होती.

"अहो मास्तर," ती हळूच म्हणाली, "ही पेटी उलटी शिवली तुम्ही?"

मास्तरांनी एका खिळ्याचं टोक अंगठ्यानं झाकलं.

"मग उलटवा की! कॉलरसारखी टोकं काढा काठीनं, ही घ्या माझी काठी!" आणि ती हसायला लागली. हसता हसता तिनं स्टँड धरला, खुर्चीत बसली, तरी हसतच होती. आतून सुनेचंही हसू फुटल्याचा आवाज आला. मास्तरांना वाटलं, अशा आणखी दहा पेट्या उलट्या शिवाव्यात.

हसू ओसरलं तेव्हा तिचे गुडघे स्टँडखाली होते, पाय पायडलवर, आणि हात मातीत. ते केव्हा गेले, तिलाही कळलं नव्हतं.

"पाणी द्या," ती म्हणाली. सुनेनं झारी दिली. पाणी मुरलं, आणि पेटीखालून थेंब पडायला लागले, सारख्या अंतरावर, बारा जागी. ती ऐकत राहिली. "हे असं मोजून मापून कसं गळतंय?"

"काजं केलीत."

"काज?" तिनं खाली हात घालून अस्तर चाचपलं. बोटाला टाक्यांची कड लागली, एकाला एक बिलगलेली. बेचाळीस वर्षांत त्या हाताचं काज तिनं हजारदा बटणावर चढवलं होतं. "तुम्हाला दिसत नाही ना पण?"

"सुया हिनं ओवल्या. बाकी अंगठ्याला दिसतं."

तिचं बोट बराच वेळ त्या कडेवरून फिरत राहिलं. तिनं नाक ओढलं. मग एकदम डोळे बारीक करून रोपांकडे पाहिलं.

"आणि ही दाटी कसली? इंचाइंचावर टाका घातल्यासारखी लावलीत. श्वास कुठून घेतील बिचारी? निम्मी काढायला लागतील."

"निम्मी?" मास्तरांचा चेहरा पडला. "सगळी जगलीत ती."

"म्हणूनच काढायची." तिनं दोन बोटांनी एक रोप मुळासकट उचललं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. "देठाला नका धरू, मोडेल. पानाला धरा. हां. ही मिरची. ओळख करून घ्या, इतकी वर्षं शेजारी राहता. आता तिला खाली जागा शोधा."

"मी?"

"मग काय मी जाऊ नाचत?"

मास्तर रोप चिमटीत धरून परसात उतरले. गळ्यात टेप तशीच लोंबत होती. बेचाळीस वर्षं ज्या बागेकडे पाठ होती तिच्यात ते पहिल्यांदाच पाऊल जपून टाकत होते. कुंपणापाशी थांबले.

"तिथं सावली! आईबापानं ऊन दाखवलं नाही का कधी?"

ते पुढे सरकले. नळापाशी थांबले.

"तिथं बुडेल ती! मिरची आहे, बदक नव्हे!"

मागून पायडलचा जुना, ओळखीचा खडखड आवाज सुरू झाला होता. तिचा दुखरा पाय आपल्या नादात खालीवर होत होता. समोर गुलाबाच्या शेजारी उन्हाचा चांगला ऐसपैस तुकडा मोकळा पडला होता, तो मास्तरांच्या अधू डोळ्यांनाही स्वच्छ दिसला. पण ते तो ओलांडून गेले, आणि चिमटीतली मिरची सांभाळत, मुद्दाम भिंतीच्या ओल्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले.