झगेवालीचा अर्ज

विद्यापीठात तिला सगळे झगेवाली म्हणत. पदवीदानाचे काळे झगे गेली बावीस वर्षं तीच शिवत होती, आणि तेही टेप न लावता. माणूस दारातून आत येईपर्यंत त्याचं माप हिच्या डोक्यात तयार असे. हजारो पदवीधर तिने असे झाकून व्यासपीठावर पाठवले. स्वतः मात्र आठवीतच शाळेला रामराम ठोकलेला.

यंदा विद्यापीठाने समुद्रापलीकडच्या एका विद्यापीठाशी करार केला. वस्त्ररचनेचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम, पदवी दोघांची मिळून. करारात एक कलम होतं: शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठी एक जागा, शाळेऐवजी कामाचा अनुभव धरायचा, पण मुलाखतीत पास व्हायला हवं. या कलमाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. झगेवालीने पाहिलं. करार एकाच तुकडीपुरता होता, म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. आठ दिवस तिला धड झोप नव्हती.

शेवटी तिने अर्ज भरला. मुलाखतीला परकी भाषा शिकलेली भाची दुभाषी म्हणून सोबत आली.

"मावशी, विचारतील तेवढंच बोल. आगाऊपणा नको."

"मी कधी आगाऊपणा केलाय?"

भाचीने कोपरापासून हात जोडले.

खोलीत इकडचे विभागप्रमुख फायली मांडून बसले होते. भिंतीवरच्या पडद्यावर तिकडच्या प्राध्यापिका उगवल्या. हसऱ्या, चष्मा कपाळावर, अंगात राखाडी कोट. त्यांनी विचारलं, "स्वतःबद्दल काही सांगा."

झगेवालीने रात्रभर घोकलेलं भाषण होतं. पण तिची नजर त्या कोटावर गेली आणि भाषण गेलं उडत.

"अगं, यांचा डावा खांदा अर्धं बोट खाली आहे," ती बोट दाखवत म्हणाली. "कोट कुणी कापला, त्याचे डोळे कुठे होते?"

भाची पांढरीफटक पडली. तिने चाचरत भाषांतर केलं, "मावशी म्हणते, आपल्याला भेटून फार आनंद झाला."

प्राध्यापिका काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. "आनंदाने माझ्या खांद्याकडे बोट का दाखवतात?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. भाचीने खरं सांगितलं. विभागप्रमुखांनी कपाळाला हात लावला. प्राध्यापिका एकदम उठल्या आणि पडद्यातून दिसेनाशा झाल्या. झालं, गेली जागा, असं झगेवालीला वाटलं. तिला स्वतःच्या जिभेचा मनापासून राग आला.

प्राध्यापिका परत आल्या त्या पुस्तकांनी फुगलेली भलीमोठी पिशवी घेऊन. ती त्यांनी डाव्या खांद्याला अडकवून दाखवली. "वीस वर्षं रोज. आता सांगा, कोट कसा कापायला हवा होता?"

मग काय विचारता! झगेवालीने टेबलावरून हाताला लागेल तो कागद ओढला, पर्समधली कात्री काढली आणि कराकरा कापायला घेतलं. "खांद्याची शिवण बाहेरच्या टोकाला अर्धं बोट जास्त दाबायची. पण तेवढ्याने काख आवळते, म्हणून काखेचा घेरही तितकाच खाली उतरवायचा. हा असा."

"अहो बाई," विभागप्रमुख ओरडले, "तो तुमचा अर्ज आहे!"

कात्री थांबली. अर्जाचा खांदा झाला होता. तिचं नाव घेरात गेलं होतं आणि फोटोचा कान उडाला होता. भाचीने डोळे मिटून घेतले. पलीकडे प्राध्यापिका मात्र चष्मा डोळ्यांवर ओढून, पडद्याला नाक लावून पाहत होत्या.

"तो तसाच दप्तरी लावा," त्या म्हणाल्या. "मला दुसरा पुरावा नको."

पंधरा दिवसांनी प्रवेशाचं पत्र आलं. झगेवालीने ते भाचीकडून तीनदा वाचून घेतलं, चौथ्यांदा स्वतः वाचलं, आणि काळं कापड टेबलावर पसरलं.

"आत्तापासून?" भाची हसली. "तीन वर्षं आहेत अजून!"

झगेवाली आरशासमोर उभी राहिली. समोरून पाहिलं, बाजूने पाहिलं, पुन्हा समोरून पाहिलं. काही केल्या आकडा येईना.

"अगं, टेप आण."

"तुला टेप?"

"या बाईला मी कधी नीट पाहिलंच नाही," झगेवाली म्हणाली, आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली.