एर्मेलीनाची विहीर

नवरा तापाने गेला तेव्हा एर्मेलीना तिशीची होती. मूलबाळ नव्हतं. ती माहेरी परतली आणि वडिलांच्या, रानूच्चो रंगाऱ्याच्या, भट्टीवर कामाला लागली. उंब्रियातल्या त्या डोंगरी गावात ओढ्याकाठी सोळा रंगारी होते, पण मंजिष्ठेच्या मुळीचा तांबडा रंग रानूच्चोसारखा कुणाला साधत नसे. एर्मेलीना पहाटेची मिस्सा, देवळातली उपासना, चुकवत नसे, शुक्रवारी उपास करी, आणि उरलेला वेळ कोपरापर्यंत रंगात असे.

एकदा लोकर धुवायला ती ओढ्याने नेहमीपेक्षा बरीच खाली गेली. तिथे वेशीबाहेरच्या महारोग्यांच्या घरातली म्हातारी मिंगार्दा घागर भरत होती. पाणी तांबडंभडक होतं.

"आजी, हे प्यायला नेताय?"

"लांब उभी राहा, बाई. प्यायला नाही तर काय? गावच्या विहिरीकडे गेलो तर दगड बसतात. मंगळवारी तांबडं येतं, गुरुवारी निळं. तांबडं त्यातल्या त्यात बरं. निळ्याने पोटात मुरडा येतो."

त्या रात्री एर्मेलीनाने वडिलांना गाठलं. घागरीतला तो रंग तिनेच सकाळी पिळून काढला होता.

"बाबा, सकाळची घंटा होईपर्यंत रंग सोडू नका. त्यांना पाणी भरू द्या."

"मी थांबेन गं. बाकीचे पंधरा थांबतील? आणि तू त्या बाजूला गेलीसच कशाला?"

ती पंधराही जणांकडे जाऊन आली. दोघे हसले, एकाने दार लावून घेतलं, बाकीच्यांनी बघू म्हटलं. तेव्हा ती उबाल्दो पाद्रींकडे गेली आणि म्हणाली, "मी त्या घरी राहायला जाते. तिथे विहीर खणणार आहे."

"देवाची सेवाच करायची तर मठात जा," पाद्री म्हणाले.

"मठात विहीर आहे, पाद्रीबाबा."

"एकदा तिथे राहिलीस की वेशीच्या आत पाऊल टाकता येणार नाही. पंचांचा नियम आहे. देवळातसुद्धा येता येणार नाही."

पहाटेचा तो अंधारा गाभारा, मेणाचा वास, सगळं तिला आठवलं. मग ती म्हणाली, "प्रभूलाही वेशीबाहेरच नेऊन क्रुसावर खिळलं ना?"

दुसऱ्या दिवशी पाद्रींनीच तिला वेशीपर्यंत सोडलं.

भर उन्हाळ्यातही लव्हाळं हिरवं राहायचं, अशी एक जागा तिने धरली. विहीर खणणारा कुणी यायला तयार नव्हता, म्हणून कुदळ तिने स्वतःच घेतली. ज्यांची बोटं शाबूत होती ते मातीच्या टोपल्या ओढत. ज्यांची नव्हती ते काठावर बसून स्तोत्रं म्हणत.

"जरा सुरात म्हणा," मिंगार्दा त्यांना दटावी, "खाली ती कामात आहे, वर तुम्ही रडगाणं लावलंय."

तीन परस, म्हणजे तीन पुरुष, खोल गेल्यावर खडक लागला. अकरा दिवसांत तो दोन बोटंही हटला नाही. एका दुपारी एर्मेलीना तळाशी बसून रडली. "हा खडक तूच घातलास," ती देवाला म्हणाली, "आता मला बळही तूच दे." मग डोळे पुसून तिने घण उचलला.

ही गोष्ट रानूच्चोच्या कानावर गेली असावी. आठवड्याने तो महारोग्यांच्या हद्दीच्या दगडापाशी आला, खांद्यावर पहार आणि चार पाचरी घेऊन. लेकीचे हात त्याने लांबूनच पाहिले आणि तोंड फिरवलं.

"खडकावर घण सरळच मारतेस ना? ही पहार घे, तिरकी धर. भेग दिसली की पाचर ठोक."

"बरं, बाबा."

"जेवतेस का?"

"जेवते."

सामान दगडावर ठेवून तो गेला. त्यानंतर दर रविवारी येत राहिला.

एकेचाळिसाव्या दिवशी पाचर आत गेली आणि तिच्या कडेने पाणी झिरपू लागलं. गढूळ होतं, निवळायला तीन दिवस लागले. पहिली घागर मिंगार्दाची. तिने घोट घेतला, तोंडात घोळवला.

"कसं आहे?" एर्मेलीनाने विचारलं.

"कसलीच चव नाही गं," म्हातारी म्हणाली, आणि पुन्हा घागर तोंडाला लावली.

वर्षभरात गावात वेगळंच पसरलं. एर्मेलीनाने काठी आपटली आणि पाणी उसळलं, म्हणे. नवस बोलायला लोक हद्दीपर्यंत येऊ लागले. ती त्यांना तळहातांवरचे घट्टे दाखवी. "प्रार्थना रोज केली," ती म्हणे, "पण हातात कुदळ धरून. तुमच्या रंगाऱ्यांना सांगा, सकाळी ओढा स्वच्छ ठेवा. पुढच्या वस्तीतले लोकही तेच पाणी पितात." काहींनी जाऊन सांगितलं. हळूहळू नऊ रंगारी सकाळचे थांबू लागले.

ती तिथे एकोणीस वर्षं राहिली. जखमा धुतल्या, मेलेल्यांना मूठमाती दिली. शेवटी तो रोग तिलाही झाला. ती गेली तेव्हा पंच मेणबत्त्या घेऊन आले. अशा पुण्यवान बाईचा देह गावाच्या देवळातच पुरायला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. महारोगी दाराशी खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि कुणीही बाजूला झालं नाही. तासाभराने पंच मेणबत्त्या तिथेच ठेवून परतले. संध्याकाळी तिला विहिरीच्या पूर्वेला पुरलं. म्हातारे उबाल्दो पाद्री हद्द ओलांडून आत आले होते. अखेरची मिस्सा त्यांनीच म्हटली.