बसायची सोय असलेली काठी

बंदरावरच्या कस्टमच्या कचेरीत त्यांना सगळे भिंगसाहेब म्हणत. परदेशातून आलेली वस्तू नेमकी काय आहे हे ठरवणं, हे त्यांचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण जगातल्या निम्म्या वस्तूंना आपण कोण आहोत याचा पत्ताच नसतो. पोटात गरम पाण्याची पिशवी असलेला कापडी ससा हे खेळणं की घरगुती सामान? बाह्या असलेलं पांघरूण हे पांघरूण की कपडा? नाव बदललं की कर बदलतो आणि कर बदलला की व्यापाऱ्याच्या तोंडचं पाणी पळतं. भिंगसाहेब मात्र ढिम्म. वस्तू हातात घ्यायची, उलटीपालटी करायची, नियमांचं जाडजूड पुस्तक उघडायचं आणि निकाल देऊन मोकळं व्हायचं.

घरीही तेच. बायकोने हौसेने आणलेल्या रेशमी पडद्यांना त्यांनी पाहुण्यांदेखत ‘कृत्रिम धाग्याचे’ म्हटलं होतं. बिचारीचं तोंड एवढंसं झालं. खोटं बोलायचं नाही हा गुण खरा, पण तो कुठे वापरू नये हे कळणं हाही एक गुणच, आणि तो मात्र साहेबांच्या वाट्याला आलेला नव्हता.

त्या दिवशी गोदामात एक व्यापारी घाम पुसत उभा होता. समोर खोकी, खोक्यांत काठ्या. काठीच्या मुठीपाशी एक कळ होती. ती दाबली की मूठ दुभंगून छोटी बैठक व्हायची आणि खाली तीन पाय फाकायचे. व्यापाऱ्याने कागदावर लिहिलं होतं ‘घडीच्या खुर्च्या’, कारण खुर्चीवर कर कमी.

भिंगसाहेबांनी एक काठी उचलली. टेकत टेकत गोदामाच्या दारापर्यंत गेले, परत आले. मग कळ दाबून ऐसपैस बसले.

“बघा, साहेब, बसलात की नाही?” व्यापारी हरखला. “म्हणजे खुर्चीच!”

“मी गोणीवरसुद्धा बसतो. म्हणून ती खुर्ची होत नाही.” साहेबांनी पुस्तक उघडलं. “बसायची सोय असलेली काठी ही काठीच. छत्री आणि चाबकाच्या पंगतीत.”

“चाबकाच्या?” व्यापाऱ्याने कपाळाला हात लावला.

पण साहेब उठेनात. बसल्या बसल्या त्यांना आई आठवली होती.

आई पावसाळ्यापूर्वी न्हाणीघरात घसरून पडली. हाड जुळलं, पण धीर जुळला नाही. तेव्हापासून तिने उंबरा ओलांडला नव्हता. मागच्या गल्लीत तिची धाकटी बहीण राहायची. मावशीच्या गुडघ्यांना हिचा जिना चढवेना, आणि ही काही उतरेना. दोघी फोनवर भांडायच्या आणि फोन ठेवून डोळे पुसायच्या. आता मावशी कायमची मुलीकडे चालली होती, दूरदेशी. येत्या रविवारी तिची गाडी होती. त्याआधी आई गल्ली ओलांडून गेली नाही, तर दोघी बहिणींची पुन्हा गाठ पडणं कठीणच. गल्ली इतकी चिंचोळी की तिच्यात मोटार शिरत नव्हती. चाकाच्या खुर्चीला आईने “माझी वरात काढताय का?” म्हणून उडवून लावलं होतं. आणि काठी? काठीचं तर नावच काढायची सोय नव्हती. आईच्या सासूने उभा जन्म काठी आपटून घर चालवलं होतं. “त्या बाईसारखी काठी हातात धरण्यापेक्षा मी रांगत जाईन,” असं आई म्हणायची. जायची मात्र नाही.

“साहेब, एक घेऊन जा. भेट समजा,” व्यापारी लाडीगोडीने म्हणाला.

“भेट घेतली तर मीच कुठल्या कलमात बसेन ते ठाऊक आहे मला,” असं म्हणत साहेब उठले. माल कर भरून सुटला, बाजारात आला, तेव्हा दुकानात जाऊन त्यांनी एक काठी चढ्या भावाने विकत घेतली. भाव चढला होता तो त्यांच्याच कृपेने.

बायकोने दारातच गाठलं. “अहो, ऐका. आईंनी विचारलं तर खुर्ची म्हणायचं. एवढा एकच शब्द. जमेल?”

“न जमायला काय झालं?” साहेब म्हणाले. हातपाय धुताना त्यांनी तो शब्द पुटपुटून पाहिलासुद्धा.

आईने ती वस्तू मांडीवर घेतली. कळ दाबली, सोडली. “छान आहे रे. काय म्हणतात हिला?”

साहेबांनी तोंड उघडलं आणि इतक्या वर्षांची सवय जिभेवर येऊन बसली. “बसायची सोय असलेली काठी.”

बायकोने डोळे मिटून घेतले. आईने ती वस्तू दारामागे उभी करून ठेवली. त्या रात्री साहेबांना जेवण वाढलं गेलं, पण ‘आणखी घ्या’ म्हणायला कोणी नव्हतं. साहेबांना स्वतःचाच भयंकर राग आला. अख्ख्या बंदराचा माल ओळखणाऱ्या माणसाला आपल्या आईचं मन ओळखता येऊ नये!

शनिवारी सकाळी मावशीचा फोन आला. आईने तो कानापासून लांब धरला होता, त्यामुळे सगळ्या घराला ऐकू येत होता.

“ताई, सामान गेलं गं सगळं. बसायला एक स्टूलसुद्धा ठेवलं नाही मेल्यांनी. सकाळपासून भिंतीला टेकून उभी आहे. खाली बसले तर उचलायला चार माणसं बोलवावी लागतील.”

आईने फोन ठेवला. थोडा वेळ हाताची बोटं चोळत बसली. मग म्हणाली, “ती खुर्ची कुठे आहे रे?”

“खुर्ची? कुठली खु...” साहेबांच्या पायावर बायकोचा पाय पडला, चांगला टाचेसकट. “दारामागे आहे,” ते कळवळून म्हणाले.

“आण इकडे. तिला नेऊन देते. उभी राहून राहून मरेल तिथे.”

“दे, मी पोचवतो,” असं साहेब म्हणणारच होते, पण दुसरा पाय वेळेवर मागे घेऊन ते गप्प राहिले. उशिरा का होईना, माणूस शिकतो.

आई जिना उतरली. एका हाताने कठडा, दुसऱ्या हातात बहिणीची खुर्ची. गल्लीत कठडा नव्हता, नुसती खुर्चीच होती, आणि ती फरशीवर टक् टक् वाजत होती. साहेब मागून हात पुढे करून चालले होते, पण शिवायची हिंमत नव्हती. अर्ध्या वाटेवर आई थांबली, कळ दाबली आणि बसली. धाप लागली होती.

“नीट उघडते की नाही ते बघत होते,” ती म्हणाली.

“बघायलाच हवं,” साहेब म्हणाले.

मावशी रिकाम्या खोलीच्या दारात, चौकटीला धरून उभी होती. टक् टक् ऐकून तिने मान वळवली आणि बघतच राहिली. ओठ थरथरत होते, पण जन्माची खोड जाते थोडीच?

“अगं बाई! ताईने काठी घेतली! सासूबाई अवतरल्या म्हणायच्या!”

आई जागीच थबकली. मानेपर्यंत लाल झाली. एक पाऊल मागे पडलं. आता ही उंबऱ्यावरून परत फिरते की काय!

“काठी नाही ही,” आई म्हणाली. “विचार हवं तर याला. याचा धंदाच आहे तो.”

मावशीने साहेबांकडे पाहिलं. आईने पाहिलं नाही. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती आणि मुठीवरची तिची बोटं पांढरी पडली होती.

“खुर्ची आहे, मावशी,” भिंगसाहेब म्हणाले. “घडीची खुर्ची.”

“ऐकलंस?” आई म्हणाली. “सरकारी माणूस आहे. खोटं बोलायचा नाही.”

तिने उंबरा ओलांडला, कळ दाबून मावशीला बसवलं आणि तिच्या खांद्याचा आधार घेऊन शेजारी उभी राहिली. दोघी एकदम रडायला लागल्या. साहेबांचेही डोळे भरून आले होते. ते बाहेर जाऊन दारासमोरच्या पायरीवर बसले आणि दोघींचं मनसोक्त बोलून होईपर्यंत तिथेच बसून राहिले.