पिवळ्या फुलांचा काढा

बाबांच्या रक्तात औषध टिकतच नव्हतं. गोळी तीच, वेळ तीच आणि तपासणीतला आकडा मात्र दर खेपेला खाली. डॉक्टर डोस वाढवून थकले. बाबांच्या पोटात बसवलेली किडनी आईची होती. औषध कमी पडलं तर शरीर तिला परकी समजून झिडकारणार, हे लेकीला कुणी सांगायला नको होतं. कारण लेक औषधांचीच संशोधक. गिळलेल्या गोळीची यकृत कशी वासलात लावतं आणि झाडपाला त्यात कसं नाक खुपसतो, हाच तिचा अभ्यास. जगाच्या यकृतांची बित्तंबातमी ठेवणाऱ्या या बाईनं घरच्या एका यकृतापुढे मात्र हात टेकले होते.

"बाबा, औषधं चुकवत नाही ना?" ती रोज विचारायची.

"छे गं. विचार आईला."

"चुकवतील कसे?" आई म्हणायची. "माझा ऐवज आहे त्यांच्या पोटात. पहारा देते मी."

प्रयोगशाळेत स्वयंसेवकांचं रक्त घेण्याआधी 'औषधं कोणती घेता' असं विचारायला तिनं विद्यार्थ्यांना सक्त मनाई केली होती. लोक बिनदिक्कत 'काही नाही' म्हणून मोकळे होतात. काढा, चूर्ण त्यांच्या लेखी औषधात जमाच नसतं. म्हणून विचारायचं, उठल्यापासून तोंडात काय काय गेलं? त्या दिवशी एक विद्यार्थिनी हाच प्रश्न विचारत होती आणि शेजारी उभी असलेली ती एकदम थबकली. अगं बाई! आपण घरी काय विचारत बसलोय?

ती तशीच घरी आली. बाबा स्वयंपाकघरात आईसोबत वाटाणे सोलत बसले होते.

"बाबा, उठल्यापासून तोंडात काय काय गेलं?"

"चहा, पाव, गोळ्या." बाबांनी जरा आठवलं. "आणि काढा."

"कसला काढा?"

बाबांचा चेहरा खुलला. "तुझाच की!" त्यांनी उठून फडताळातली बरणी काढली. आत वाळलेली पिवळी फुलं होती. तिला बरणीवरची चिठ्ठी वाचायची गरज पडली नाही. उमेदीची वर्षं तिनं याच झाडावर घातली होती. हे झाड यकृताला असं कामाला जुंपतं, की भेटेल त्या औषधाचा ते झटपट फडशा पाडतं.

"कुणी सांगितलं तुम्हाला हे प्यायला?" तिचा आवाज चढला.

"सांगायला कशाला हवं? माझी लेक ज्याच्यापायी जेवणखाण विसरते, ते चांगलंच असणार ना? दुकानदारालासुद्धा सांगितलं मी, माझी लेक यावरच संशोधन करते म्हणून."

"अहो बाबा, मी त्याचे गुण नाही शोधत! ते काय बिघडवतं ते शोधते! तुमच्या गोळ्या तेच खातंय!"

बाबांचा हात आपसूक पोटाकडे गेला. त्यांनी आईकडे पाहिलं. "म्हणजे हिची..." पुढचं त्यांना बोलवेना. आईनं त्यांच्या चपला तेवढ्या पुढे आणून ठेवल्या.

डॉक्टरांनी ताबडतोब बोलावलं. काढा थांबला की वाढवलेला डोस उलट अंगावर येणार, तेव्हा तो हळूहळू उतरवावा लागेल, असं त्यांनी बजावलं आणि किडनी तपासायला रक्त घेतलं. निकाल येईपर्यंत तिघं बाकावर बसून राहिले.

"रागावू नकोस," बाबा म्हणाले. "मागे तुला विचारलं होतं, काय काम करतेस. तू म्हणालीस, तुम्हाला नाही कळायचं. मग म्हटलं, निदान चव तरी बघू, आपली पोर दिवसभर कशात असते त्याची. कडू जहर होतं गं."

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते पुसत तिनं पहिल्यापासून सांगायला घेतलं. गोळी पोटात जाते तिथपासून, काहीही न गाळता. बाबा मान डोलवत होते. "मग काढा बंद केला, तर यकृत शांत व्हायला वेळ लागत असेल?" त्यांनी मध्येच विचारलं.

"लागतो ना. तेच तर मोजते मी."

डॉक्टर बाहेर आले. किडनी शाबूत होती. आईनं तोंडाला पदर लावला आणि ती हमसून रडली. बाबांनी तिचा हात घट्ट धरला. मग ते लेकीकडे वळले.

"कळलं की गं मला सगळं," ते म्हणाले. "एवढंच होतं होय?"